शेवटच्या डब्याचा दिवा

इंग्रजीच्या पेपरात मी दोनदा नापास झाले आणि दोन्ही वेळा यजमान मला एक शब्दही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. मला भांडण येतं, चांगलं येतं. पण गप्प बसणाऱ्या माणसाशी भांडायचं कसं, हे मला जन्मात जमलं नाही.

ते चाळीसगावहून धुळ्याला जाणाऱ्या फाट्याच्या लाइनीवर एका लहानशा स्टेशनचे मास्तर होते. स्टेशन म्हणजे एक खोली, एक फलाट, गाड्यांनी एकमेकींना वाट द्यावी म्हणून दोन रूळ, आणि फलाट संपतो तिथं धुळ्याच्या अंगाला आमचं क्वार्टर. गाव पाऊण कोसावर. दिवसाकाठी मोजक्या गाड्या. मधल्या वेळात बाभळी, त्यांवर घुमणारे होले आणि मी. सोबतीला एक सांधेवाले होते. गाडी कोणत्या रुळावर घ्यायची त्याप्रमाणे सांधे बदलायचे आणि संध्याकाळी सिग्नलचे दिवे लावायचे, हे त्यांचं काम. मूळचे पिंपळनेरकडचे, आम्हा दोघांपेक्षा वयानं मोठे. मी त्यांना नाना म्हणे आणि ते मला अक्का.

मराठी सातवी मी लग्नाआधीच पास झाले होते. धुळ्याच्या मुलींच्या शाळेतल्या मोठ्या बाईंनी मला सांगून ठेवलं होतं, "बाहेरून मॅट्रिक हो, इंग्रजी घेऊन. मग ये, जागा आहे." लोकांना वाटे, स्टेशन मास्तरच्या बायकोला रिकामपणी हौस सुचली आहे. हौस होतीच, नाही कशाला म्हणू? पण खरं कारण हौसेचं नव्हतं. यजमानांची नजर जात चालली होती. रजिस्टर ते नाकाशी धरून वाचत. फलाटावरून येणारा माणूस बोलला की मग ओळखत. एकदा मी थट्टेनं म्हटलं, "एवढा दोरा ओवून द्या, पाहू तुमची मर्दुमकी," तर त्यांनी सुई घेतली, दोरा घेतला, दोन-तीनदा नेम धरला आणि दोन्ही माझ्या हातात परत ठेवले. मी पुन्हा तशी थट्टा केली नाही. ठरावीक वर्षांनी भुसावळला मास्तर लोकांच्या डोळ्यांची तपासणी होई. त्यात नापास झाला की स्टेशन सोडायचं आणि स्टेशनबरोबर क्वार्टरही. त्यांच्या तपासणीच्या आधी माझी मॅट्रिक व्हावी, एवढीच माझी धाव होती. हे मी त्यांना कधी बोलून दाखवलं नाही आणि त्यांनीही मला विचारलं नाही.

इंग्रजीत माझं अडे ते एका जागी. स्पेलिंगं मी घोकून काढली होती, कविता पाठ होत्या. पण व्याकरणाच्या पुस्तकात एक धडा होता. त्यात आधी एक लांब वाक्य दिलं होतं: काम संपवल्यानंतर तो घरी गेला. त्यात 'आफ्टर' होता, 'ही' होता, सगळे जागच्या जागी. मग खाली लिहिलं होतं की हेच थोडक्यात असं म्हणावं: हॅविंग फिनिश्ड हिज वर्क, ही वेंट होम. 'आफ्टर' गेला, पहिला 'ही' गेला आणि त्यांच्या जागी हा 'हॅविंग' येऊन बसला. त्याच्या आधीच्या पानावर नुसतं 'फिनिशिंग' करून वाक्यं होती. कुठं 'फिनिशिंग' लिहायचं आणि कुठं 'हॅविंग फिनिश्ड', याचा मला काही केल्या थांग लागेना. पुस्तक म्हणे, त्याला परफेक्ट पार्टिसिपल म्हणतात. म्हणोत बापडे. बारशाला नाव ठेवलं म्हणून पोर ओळखीचं होतं का?

पहिल्यांदा नापास झाले त्यानंतर एका दुपारी मी पुस्तक घेऊन स्टेशनच्या खोलीत गेले. यजमान काही इंग्रजीचे पंडित नव्हते. त्यांचं इंग्रजी म्हणजे रेल्वेचं नियमांचं पुस्तक आणि तारांची भाषा. पण विचारायला दुसरं होतं कोण? नाना की बाभळी? मी धडा वाचून दाखवला आणि म्हटलं, "यातला माणूस कुठं गेला ते सांगा. आणि हा 'हॅविंग' कशाला हवा, तेही सांगा."

त्यांनी हातातलं रजिस्टर खाली ठेवलं. मग म्हणाले, "गाडी आली, असं मी रजिस्टरात केव्हा लिहितो?"

"आली की."

"इंजिन फलाटाला लागलं की?"

"मग काय, डबे मागं चाळीसगावला ठेवून येतं का इंजिन?"

ते हसले नाहीत. मला उठवून त्यांनी भिंतीजवळच्या लोखंडी यंत्रापाशी नेलं. असंच एक यंत्र पुढच्या स्टेशनात असे. दोन्ही यंत्रं तारेनं जोडलेली. त्यातून पोलादाचा एक गोळा निघे. तो गोळा ड्रायव्हरच्या हाती पडल्याशिवाय त्यानं गाडी हलवायची नाही. गाडी पुढच्या स्टेशनात पोचली की तिथल्या मास्तरनं तो गोळा आपल्या यंत्रात टाकायचा. तोवर दुसरा गोळा कुठल्याच बाजूला निघत नसे. म्हणजे दोन स्टेशनांच्या मधल्या रुळावर एका वेळी एकच गाडी. हे मला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते त्यांनी पुढं सांगितलं.

"ड्रायव्हरनं गोळा माझ्या हातात दिला, तरी मला तो यंत्रात टाकता येत नाही. आधी गाडीच्या शेवटच्या डब्यामागचा दिवा पाहायचा. दिवा दिसला म्हणजे शेपटीसकट सगळी गाडी आली, मागं रुळावर काही राहिलं नाही. मग गोळा टाकायचा. चालत्या गाडीचं काम म्हणजे तुझं 'फिनिशिंग'. शेवटचा दिवा पाहिला, काम पुरतं झालं, त्याच्यामागं आता काही शिल्लक नाही, म्हणजे 'हॅविंग फिनिश्ड'. त्याच्यानंतरच पुढचं क्रियापद सोडायचं."

आजही मला ती दुपार आठवली की अंगावर काटा येतो. एका एवढ्याशा शब्दात एक अख्खं काम, सुरुवातीपासून शेवटापर्यंत, दार लावून कडी घालून ठेवायची ही युक्ती ज्या कुणाला सुचली असेल, त्याला माझा नमस्कार असो. आणि आणखी नवल वाटलं ते आपल्याच भाषेचं. 'हसून बोलला' आणि 'जेवून गेला' यांत आपण एकच 'ऊन' लावतो. पण हसणं आणि बोलणं बरोबर चाललंय आणि जेवण संपल्यावर जाणं आहे, हे आपल्याला न सांगता कळतं. इंग्रजांना ते सांगावं लागतं. नाना तर आपल्या अहिराणीत 'जेवीसन' म्हणत आणि चालते होत. जन्मभर ज्या भाषेत मी तोंड वाजवत आले, तिच्या पोटात हा फरक निमूट पडून होता आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

"आणि माणूस कुठं गेला?" मी पुन्हा विचारलं. मी सोडणारी नव्हे.

त्यांनी नियमांचं पुस्तक उघडलं. ते पुस्तक असल्या वाक्यांनी ठासून भरलेलं होतं. लाइन क्लिअर, म्हणजे गाडी सोडायची परवानगी, देण्यापूर्वी, सिग्नलजवळ येताना, सांधा वापरात नसताना. बिफोर गिव्हिंग, व्हेन अप्रोचिंग, व्हेन नॉट इन यूज. कुठंच 'तो' नाही, 'ती' नाही. पुस्तक नाकाशी धरून ते म्हणाले, "नियमात माणसाचं नाव दोनदा घेत नाहीत. एकदाच घेतात, पुढच्या वाक्यात. पण दोन्ही कामं त्याच्याच गळ्यात. 'लाइन क्लिअर देण्यापूर्वी मास्तरनं खात्री करावी.' देणारा कोण? मास्तर. खात्री करणारा कोण? तोच. एकानं पाहायचं आणि दुसऱ्यानं द्यायचं, असं या वाक्यात चालत नाही."

त्या दिवसापासून मी नियमांचं पुस्तक वाचायला घेतलं. व्याकरणाच्या पुस्तकातला तो रोज काम संपवून घरी जाणारा मनुष्य मला कधीच खरा वाटला नव्हता. नियमांच्या पुस्तकातला प्रत्येक शब्द मात्र माझ्या दारासमोरून शिटी देत जात होता. मी वाक्य वाचायची आणि मान वर करून ते घडताना बघायची. भाषा अशी डोळ्यांपुढं हलताना फार थोड्यांनी पाहिली असेल.

याचा एक परिणाम असा झाला की दुसऱ्या वेळी मी नापास झाले. निबंध आला होता, 'आमच्याकडचा एक सण'. मी आखाजीवर लिहिला. खानदेशात आखाजीला सासुरवाशिणी माहेरी येतात, झोके बांधतात, गाणी म्हणतात. माझ्या जिव्हाळ्याचा विषय. पण इंग्रजी मला एकच येत होतं. मी लिहिलं की सर्व मुली पूर्णपणे दाखल झाल्याची खात्री करून घेऊन आईनं आमरसाला परवानगी दिली. झोका वापरात नसताना तो बांधून ठेवण्यात आला. आणि मुली परत निघताना मार्ग मोकळा असल्याचं पाहून त्यांना रवाना करण्यात आलं. व्याकरणात एक चूक सापडली असती तर शपथ! तपासणाऱ्यानं तो वाचून काय केलं असेल, देव जाणे. हे मी घरी वाचून दाखवलं तेव्हा यजमान इतके हसले की त्यांना ठसका लागला. नंतर निकाल लागला आणि ते हसू तिथंच संपलं. तपासणीला आता फार अवकाश उरला नव्हता.

तिसऱ्या परीक्षेआधीच्या पौषातली गोष्ट. कपाशीचे दिवस. धुळ्याकडून गाठींनी भरलेली मालगाडी आली आणि लांबच्या रुळावर उभी राहिली. ती आली की चाळीसगावकडून आलेली पॅसेंजर धुळ्याला सोडायची होती. पॅसेंजर आधीच फलाटाला लागलेली. तिला उशीर झालेला. इंजिन शिट्यांवर शिट्या देत होतं. दिवेलागणीची वेळ, त्यातून चुलींचा धूर जमिनीलगत पसरलेला. नाना चाळीसगावच्या अंगाला सिग्नलचा दिवा लावायला गेले होते. मी क्वार्टरच्या अंगणात दोरीवरचे कपडे काढत होते आणि तोंडानं पाठांतर चाललं होतं.

मालगाडीच्या ड्रायव्हरनं गोळा यजमानांच्या हातात दिला. तो घेऊन ते फलाटाच्या टोकाला आले आणि मालगाडीच्या शेपटीकडे पाहू लागले. मी त्यांना पाहत होते. डोळ्यांवर हात धरला, एक पाऊल पुढं टाकलं, मान इकडं केली, तिकडं केली. गेल्या महिन्यात असंच दोनदा झालं होतं. दोन्ही वेळा गाडीला उशीर झाला म्हणून वरून खुलासा मागवला होता. आता तिसरा आला की भुसावळचं बोलावणं लवकर येणार, हे मला कळत होतं. परीक्षा अडीच महिन्यांवर होती.

त्यांनी माझ्याकडे तोंड केलं आणि विचारलं, "शेवटच्या डब्याचा दिवा दिसतो का गं तुला?"

माझ्या आणि मालगाडीच्या शेपटीच्या मध्ये आमच्याच अंगणातला निंब होता. चार पावलं बाजूला झाले असते तर दिसलं असतं. मी झाले नाही. हातात ओला पंचा होता, मनात ती परीक्षा होती. मी म्हटलं, "हो, दिसतो ना."

ते वळले आणि खोलीकडे गेले. दाराशी पोचले आणि थांबले. दिव्याच्या उजेडात ते मला नीट दिसत होते. हातातला गोळा त्यांनी यंत्रात टाकला नाही, टेबलावर ठेवला. मग बाहेर येऊन, दिवा लावून परतलेल्या नानांना हाक मारली आणि म्हणाले, "नाना, मालगाडीच्या शेवटापर्यंत जाऊन या. डबे मोजून या."

पॅसेंजरचा ड्रायव्हर खाली उतरून वाद घालू लागला. तिचा गार्ड घड्याळ दाखवू लागला. यजमान फक्त एवढंच म्हणत होते, "मी दिवा पाहिलेला नाही." मला राग आला. एवढं मी सांगितलं होतं, माझ्या शब्दाला काही किंमत? मी कपड्यांची घडी घालत बसले, हाताला येईल तशी.

नाना धावत आले ते अंधारातून ओरडतच आले. "मास्तर, गाडीले शेपटीच नही! बठ्ठा डबा मोजीसन उनू. चार कमी शेतस, गार्डना डबा बी नही!"

वाटेत चढावर डबे जोडणारी एक कडी तुटली होती. चार भरलेले डबे आणि त्यांच्यामागचा गार्डाचा डबा मैल-दीड मैलावर त्याच रुळावर उभे होते. गोळा यंत्रात पडला असता तर दुसरा निघाला असता, पॅसेंजरच्या ड्रायव्हरला मिळाला असता, आणि पॅसेंजर पूर्ण वेगानं त्या डब्यांकडे गेली असती. थोड्या वेळानं मालगाडीचा गार्ड लाल दिवा हलवत, धापा टाकत रुळावरून येताना दिसला. पॅसेंजरच्या खिडक्यांतून लोक डोकावत होते. एक बाई तान्ह्या मुलाला खिडकीतून चंद्र दाखवत होती.

त्या रात्री यजमान मला काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. दिवाच नव्हता, आणि मी दिसतो म्हटलं होतं. यात समजायचं काय उरलं होतं? ते दोघांनाही ठाऊक होतं आणि आम्ही भाकरी खात होतो, पाणी भरत होतो. माझी भांडखोर जीभ टाळ्याला चिकटली होती. पुस्तक उघडलं की अक्षरं नुसती दिसत, वाचवत नसत.

आजूबाजूच्या स्टेशनांत त्यांचं नाव झालं. चाळीसगावहून येणारा जो तो म्हणे, मास्तर, काय तुमची नजर! तारेवरूनही शाबासकी आली. पण पॅसेंजरला उशीर झाला होता आणि नियमाप्रमाणे खुलासा लिहून द्यावा लागणारच होता. तिसऱ्या दिवशी त्यांनी तो लिहिला आणि माझ्यापुढं ठेवला. "इंग्रजी तपास आणि चांगल्या अक्षरात उतरवून दे. माझ्या ओळी आता सरळ येत नाहीत."

कागदावर तीनच वाक्यं होती. पहिलं, शेवटचा दिवा मी स्वतः पाहिला नसल्यामुळे गोळा यंत्रात टाकला नाही. नॉट हॅविंग सीन, असं त्यांनी लिहिलं होतं, अगदी बरोबर. दुसरं वाक्य असं: दिवा दिसेना तेव्हा कामावर नसलेल्या व्यक्तीला त्याबद्दल विचारण्याची चूक माझ्याकडून झाली. तिसरं: काही महिन्यांपासून माझी नजर कमी झाली असल्यानं माझ्या डोळ्यांची तपासणी ताबडतोब व्हावी.

मी दुसरं वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं. विचारल्याचं होतं. मी काय उत्तर दिलं, ते कुठंच नव्हतं.

तीन दिवसांत पहिल्यांदा माझा आवाज फुटला. "माझं उत्तर लिहा ना यात. मी खोटं बोलले ते."

"तू नोकरीत नाहीस," ते म्हणाले. "पाहायचं काम माझं होतं, ते मी दुसऱ्यावर टाकलं. चूक तिथं झाली."

मी रडले. मग मी मूळपदावर आले आणि भांडले. म्हटलं, "बरं, ते असू द्या. पण तिसरं वाक्य कशाला? लोक तुमची आरती ओवाळताहेत. अडीच महिने थांबा, माझी परीक्षा होऊ द्या. नाहीतर मी पहिलंच वाक्य असं फिरवून देते की दिवा दिसला नसल्यामुळे गाडी थांबवण्यात आली. कुणाला दिसला नाही, कुणी थांबवली, काही सांगायला नको. इंग्रजीत माणूस गाळता येतो, तुम्हीच दाखवलं होतंत."

त्यांना राग आल्याचं मी संसारात दोन-चारदाच पाहिलं. त्यातली ही एक वेळ. आवाज चढला नाही. म्हणाले, "लोक म्हणतात, दिवा नव्हता ते मास्तरनं ओळखलं. मी काही ओळखलं नाही. तिथं दिवा असता तरी मला तो दिसला नसता. परवा माझ्या अधूपणानं गाडी वाचली. उद्या नसलेला दिवा मला दिसेल. खिडकीतली माणसं मोजलीस का तू?"

मी मोजली नव्हती. पण ती चंद्र दाखवणारी बाई मला दिसली. मी दौत पुढं ओढली आणि तिन्ही वाक्यं उतरवून काढली, एकही शब्द न बदलता. माझ्या आयुष्यात मी इतकं बिनचूक इंग्रजी पुन्हा पाहिलं नाही. प्रत्येक कामाला त्याचा करणारा होता आणि कुणी कुणाच्या आड लपलेला नव्हता. आपण लग्न करून कुणाच्या घरात आलो आहोत, हे मला त्या कागदावरून कळलं, संसाराला नऊ वर्षं झाल्यावर.

महिन्याभरात भुसावळचं बोलावणं आलं. ते तपासणीत नापास झाले. माझी दोन झाली होती, त्यांची एक. हा विनोद त्यांनीच केला, भुसावळहून परत येताना, आणि मी त्यावर हसले नाही म्हणून मला चिमटाही काढला. आम्ही सामान बैलगाडीत भरलं. नानांनी क्वार्टरच्या दाराला हात लावून नमस्कार केला आणि म्हणाले, "अक्का, पास व्हजा आते." धुळ्यात आम्ही एक खोली घेतली. तिथून मी जळगावला जाऊन परीक्षेला बसले. निबंधाचा विषय आता आठवत नाही. पण त्यात मी कुणाला रवाना वगैरे केलं नाही, एवढं नक्की. वाक्यं जोडायचा प्रश्न आला होता. सहा वाक्यं होती. मी प्रत्येकापाशी थांबून मनात विचारलं, हे कुणी केलं, आणि पुढचं त्यानंच केलं का? आणि पेन आपोआप चालत गेलं. मी पास झाले. पावसाळ्यात शाळेत रुजू झाले आणि पुढं कितीतरी वर्षं धुळ्याच्या मुलींना हाच धडा शिकवला. त्यातल्या काहींनी घेतला, काहींनी नुसता पाठ केला.

यजमानांची नजर दोन वर्षांत पुरती गेली. संध्याकाळी मी शाळेतून आले की ते हातात काठी घेऊन तयार असत आणि आम्ही पांझरा नदीच्या बाजूला फिरायला जात असू. रस्त्यात खड्डे, गाड्या, बैल. घाटाला उतरायला पायऱ्या, त्यातल्या काही तुटलेल्या. ते विचारत, "पुढं पायरी आहे का?" मी आधी वाकून नीट पाहत असे, दोन-दोनदा पाहत असे, आणि मग सांगत असे. पहिल्याच दिवशी मला वाटलं होतं, ते काठीनं चाचपून बघतील. ज्या एका वेळी त्यांनी माझा शब्द घ्यायला हवा असं मला वाटलं होतं, त्या वेळी तो त्यांनी घेतला नव्हता. आणि त्यांचं बरोबर होतं. आता का म्हणून घ्यावा? पण मी "आहे" म्हटलं की ते पाऊल टाकत.